आरशाला अडकवलेले हेल्मेट

गेल्या आठवड्यात दादाशी फोनवर बोलताना हेल्मेटसक्तीचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे भांडणावर गेला. दुचाकीस्वाराने हेल्मेट घालावे असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ सांगते, तरी कारवाईची नुसती चर्चा झाली की कोल्हापुरात माणसे चिडतात. "आपल्या मातीला सक्ती मानवत नाही, सवय रक्तात असते, आणि तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," असे म्हणून दादाने फोन ठेवला. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये मला अकरा वर्षे झाली. 'तिकडे बसून' हा टोमणा मी आता मुकाट्याने ऐकून घेतो, परंतु रक्ताचा दाखला मला सहन होत नाही.

जर्मन माणूस जन्मतःच शिस्तीचा असतो असे आपल्याकडे सर्रास मानतात, आणि येथे येताना मीही तेच मानत होतो. पश्चिम जर्मनीत मोटारीच्या पुढच्या आसनांवर पट्टा लावणे १ जानेवारी १९७६ पासून बंधनकारक झाले, मात्र न लावणाऱ्याला दंड नव्हता. पट्टा म्हणजे स्वातंत्र्यावर घाला असे तेव्हा अनेकांना वाटे, आणि अपघातानंतर पेटत्या गाडीत आपण अडकून पडू ही भीतीही होती. आठ वर्षे समजावून झाले, तरी कितीतरी लोक पट्ट्याविनाच गाडी चालवत राहिले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ४० मार्कांचा दंड सुरू झाला आणि पट्टा लावणाऱ्यांचे प्रमाण थोड्याच काळात नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. एवढ्या अवधीत कोणाचे रक्त बदलत नाही. आज माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणालाही पट्ट्यावर कधी वाद झाला होता हे आठवतसुद्धा नाही.

सक्ती आपल्या मातीला मानवत नाही, हे तर दादाने तरी म्हणायला नको होते. ज्या राजाच्या नावाने आपण छाती पुढे काढतो, त्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि त्या काळी एक रुपया ही गरिबाच्या घरी मोठी रक्कम होती. शेतातली आणि गुरांमागची पोरे शाळेत बसवणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची घडी मोडणे होते. ती नुसत्या उपदेशाने मोडणार नाही हे महाराजांनी ओळखले होते. आमच्या तालमीतही वेगळे काय होते? पहाटे उशिरा आलेल्या पोराला वस्ताद जादा जोर मारायला लावत आणि घरचे कोणी त्यांना जाब विचारायला येत नसे. दादा स्वतः तेथेच घडला आहे.

अंतरे लहान आहेत, उकडते, मंडईत उतरल्यावर हेल्मेट ठेवायचे कोठे, हे त्याचे आक्षेप मला मान्य आहेत. परंतु ते सोयीचे प्रश्न आहेत आणि सोय करता येते. वेंडी वुड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना दिवसभरातल्या कृतींची नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती सवयीच्या निघाल्या; म्हणजे त्याच जागी, जवळपास रोज आणि मन दुसरीकडे असताना केलेल्या. पुढे त्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वृत्तपत्रवाचन अशा सवयी तपासल्या. नव्या ठिकाणी भोवतालची मांडणी जुन्यासारखीच राहिली तेथे सवय टिकली, मांडणी बदलली तेथे ती सुटली. हे वाचताना मला माझीच गोष्ट कोणी लिहिली आहे असे वाटले. रात्री अकरा वाजता, एकही गाडी नसताना, मी येथे तांबड्या दिव्यापाशी उभा राहतो. दाराला केरवोखेची, म्हणजे इमारतीच्या साफसफाईच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी लागली की शनिवारी जिना पुसतो. सायकलला हेल्मेटची सक्ती येथे नाही, तरी दाराशेजारच्या खुंटीवरचे हेल्मेट हात आपोआप उचलतो.

मी सुधारलो, असे मला बरीच वर्षे वाटत होते, आणि तो अभिमान माझ्या बोलण्यात उतरत असणार. दादाला तोच खुपतो. म्हणून मागच्या दिवाळीतली एक गोष्ट येथे लिहिणे भाग आहे. संध्याकाळी मी दादाच्या मोटारसायकलवरून राजारामपुरीतून रंकाळ्याकडे निघालो होतो. आईने दारातच हेल्मेट हातात दिले होते. गल्लीच्या तोंडाशी जुने मित्र उभे होते आणि त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. 'परदेशातून आलाय' अशी त्यांची नजर मला नको होती. अकरा वर्षांनंतरही मी त्यांच्यातलाच आहे हे मला दाखवायचे होते. मी हेल्मेट आरशाला अडकवले.

दादाला हे ठाऊक आहे, आणि फोनवर त्याने ते सुनावलेही. त्याच्या मते तेच माझे खरे रक्त. मला मात्र त्या संध्याकाळचे वेगळेच आठवत राहते. त्याचा सहा वर्षांचा मुलगा माझ्यापुढे टाकीवर बसला होता, उघड्या डोक्याने, आणि रंकाळा येईपर्यंत आरशाला लोंबणाऱ्या हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता.