सेत्सूचं नाव कुठाय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जपानी भुताखेतांच्या गोष्टी इंग्रजीत लिहिणाऱ्या लाफ्काडिओ हर्नवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘आई ग्रीक, बाप आयरिश, धड जपानी वाचता येत नाही आणि तुम्ही त्याला जपानी कथांचा जाणकार ठरवता? त्या गोष्टी तर बायकोच्या!’

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. त्याच्या जपानी बायकोला, सेत्सूला, मी दीड ओळीत उरकलं. तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा देतो : १९०४च्या ‘क्वाइदान’ या त्याच्या भुताच्या गोष्टींच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत जुन्या ग्रंथांची नावं आहेत, हिमस्त्रीची गोष्ट सांगणारा च्योफू गावचा एक शेतकरी आहे, सेत्सू मात्र नाही. त्याआधी अमेरिकेत, सिन्सिनाटीत, त्याची पहिली बायको मॅटी फोली, जन्माने गुलाम, भुताच्या हकिकती सांगायची. त्याही त्याने १८७५ मध्ये वर्तमानपत्रात छापल्या, तिचं नाव न घालता. या बाबतीत मी त्याची वकिली करणार नाही.

पण वाचता येत नव्हतं म्हणूनच तर त्याला ऐकावं लागलं! सेत्सू जुनी पुस्तकं हुडकून आणायची, रात्री दिव्याची वात बारीक करून सांगायला बसायची. पुस्तकात बघून सांगितलेलं त्याला चालत नसे. तुझ्या शब्दांत सांग, हा हट्ट. दोघांची बोलीही घरगुती, प्रत्यय गळालेली मोडकी जपानी. हर्नच्या भुताच्या धबधब्याच्या गोष्टीत एक बाई पैजेखातर, मूल पाठीशी बांधून, रात्री धबधब्याजवळच्या देवळातली दानपेटी उचलून आणते. परतल्यावर पाठीवरचं कापड सोडताना दुसरी किंचाळते, ‘अगंबाई, रक्त!’ मुलाला डोकंच नसतं. सेत्सूच्या आठवणींत आहे की हा उद्गार त्याने तिच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतला. आवाज कसा लागला असेल? लाकडी चपला कशा वाजल्या असतील? ही चौकशी पुस्तक वाचणारा करत नाही.

आम्ही इंदूरवाले मोडक्या भाषेबद्दल जरा हळवे, हे कबूल. ‘काय करून राहिलास?’ म्हटलं की पुण्याच्या पाहुण्यांना हसू फुटतं. माझी आजी रामबागेतल्या घरी भुताची गोष्ट सांगताना कधी विहीर म्हणाली नाही, बावडीच म्हणाली. तिला ती दूधवालीने माळवीत सांगितलेली. बावडीची विहीर केली की माझ्या अंगावर काटा येत नाही, आजही नाही. मग ती गोष्ट कुणाची, आजीची की दूधवालीची?

राहिला वंश. १८५०मध्ये ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर जन्म, मग डब्लिन. तिथे आई लहानपणीच त्याला सोडून ग्रीसला परतली, बापाच्या मावशीने वाढवलं. १८९६मध्ये जपानी नागरिक होताना त्याने कोइझुमी हे सेत्सूचं आडनाव घेतलं. घरजावई म्हणा हवं तर. पण मग त्याच्या मुखपृष्ठावरच्या नावात निम्मी तीच येते, निदान जपानी आवृत्त्यांत.

सेत्सूवरचा परिच्छेद आज लेखात घातला आहे. मॅटीचा उद्या घालतो.