कुंभारणीचं मडकं: 'रचना दिसते म्हणजे रचणारा आहेच' या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो येऊन गेला असेल. मडकं दिसलं की कुंभार असणार हे लहान पोरालाही कळतं, घड्याळ दिसलं की घड्याळजी असणार. मग माणसाचा डोळा, मधमाशीचं पोळं, उंबर आणि त्यातला किडा, सूर्यापासून नेमक्या अंतरावर ठेवलेली पृथ्वी, हे सगळं 'आपोआप' झालं म्हणायचं का, असा त्याचा सूर. खाली काकांची स्वतःची ओळ होती: "तू जीवशास्त्र शिकवतेस, तुझं काय म्हणणं आहे?"

काकांनी मनापासून विचारलं, म्हणून उत्तरही मनापासून देते. आणि आधीच सांगते, हे उत्तर देवाच्या विरोधात नाही. आमच्याकडे आषाढीचा उपवास होतो, मीही धरते. प्रश्न एवढाच आहे की सृष्टीत रचना दिसते हा निर्मात्याचा पुरावा म्हणून उभा राहतो का. माझ्या मते नाही राहत. आणि जे उभं राहत नाही ते दहावी-बारावीच्या मुलांना पुरावा म्हणून सांगितलं की मला राहवत नाही.

पहिला मुद्दा मडक्याचा. घड्याळाचा दाखला विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने 1802 साली दिला, पण मडक्याचा दाखला आपलाच आहे आणि त्याहून कितीतरी जुना. न्यायदर्शनातल्या पंडितांनी तो शतकानुशतकं मांडला: घट हे कार्य आहे, त्याला कर्ता आहे, जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता हवा. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत या युक्तिवादाला फार ताकदीने उभं केलं. पण त्याचं खंडनही इथेच झालं, आणि उदयनांच्या आधी झालं. सातव्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती म्हणतो की मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केलं असं म्हणावं लागेल. मडकं कुंभार करतो हे आपल्याला ठाऊक असतं, कारण आपण कुंभाराला चाकावर मडकं घडवताना पाहिलेलं असतं. मडक्याकडे नुसतं बघून ते कळलेलं नसतं. जगं घडवताना आपण कुणाला पाहिलंय? सांख्य आणि मीमांसा ही तर वेद मानणारी दर्शनं, तरी त्यांनाही जगाचा कर्ता लागला नाही. वासरासाठी दूध पाझरतं पण दुधाला त्यातलं काही कळत नसतं, हा दृष्टान्त सांख्यकारिकेतला आहे. तेव्हा हा युक्तिवाद न पटणं म्हणजे परदेशी शिक्षणाचा परिणाम, असं कुणी म्हणू नये.

धर्मकीर्तीने वारूळ घेतलं, मी माझ्या खिडकीतली कुंभारीण घेते. कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल, बारीक कंबरेची. आमच्या मागच्या खोलीच्या चौकटीवर तिने गेल्या पावसाळ्यात तीन मडकी केली. सुपारीएवढं पोट, वर बाहेर वळलेला गळा, अगदी आपल्या लोट्यासारखा. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून ती यायची, कडेवर पसरायची, पुढच्या पायांनी आतून-बाहेरून दाबत फिरायची आणि पुन्हा उडायची. मेसेज लिहिणाऱ्याला ते मडकं दाखवलं असतं तर तोही म्हणाला असता, बघा, कुंभार! पण इथे कुंभार म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढाही मेंदू नसलेली एक माशी आहे. तिने कधी मडकं पाहिलेलं नाही, तिला आईने शिकवलेलं नाही. ती बाहेर पडली तेव्हा आई केव्हाच निघून गेली होती.

मग तिला हे कुणी दिलं? तिच्या कुळातल्या इतर माशा बघितल्या की उत्तर दिसायला लागतं. काही जमिनीत नुसतं बीळ करतात. काही पोकळ काडी किंवा भिंतीतलं तयार भोक शोधतात आणि तोंड चिखलाने लिंपतात. काही ओबडधोबड मातीचे कप्पे बांधतात. काही गळ्याचं मडकं करतात. हे सगळे प्रकार आज जिवंत आहेत आणि आपापल्या जागी त्या प्रत्येकाचं भागतं. जिचं घरटं थोडं जास्त टिकलं, तिची पिल्लं जास्त जगली, आणि तिची सवय पुढच्या पिढीत गेली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. हे लाखो वर्षं चाललं की आराखड्याशिवाय मडकं तयार होतं.

त्यातलं एक मडकं मी उघडलं. आत सात-आठ हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या. काडी लावली तर त्या किंचित वळवळत होत्या. मेलेल्या नव्हत्या, डंखाने लुळ्या केलेल्या होत्या. कुंभारीण आधी मडक्याच्या छताला बारीक तंतूने अंडं टांगते, मग या लुळ्या अळ्या भरते आणि तोंड बंद करते. अंड्यातून निघालेली अळी त्यांना जिवंतपणीच खाते, म्हणजे अन्न सडत नाही. रचना म्हणाल तर यासारखी रचना नाही. पण ही रचना कुणी मुद्दाम केली असं म्हणायचं असेल तर हा बेतही त्याचाच म्हणावा लागेल. डार्विनला नेमका हाच प्रश्न छळत होता. 1860 साली मित्र आसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने अशाच माशांचा उल्लेख केला, ज्यांची पिल्लं दुसऱ्या अळ्यांना आतून जिवंत खातात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे हेतुपुरस्सर निर्माण केलं असं मनाला पटवता येत नाही, असं त्याने लिहिलं. मेसेजमध्ये फुलपाखरं, मोरपीस आणि नारळातलं पाणी आहे. लुळ्या अळ्यांनी भरलेलं मडकं नाही.

दुसरा मुद्दा डोळ्याचा. मेसेज म्हणतो, "डोळा अर्धवट असून काय उपयोग? तो एकदम पूर्णच हवा." अर्ध्या डोळ्याचा उपयोग असतो, आणि तसे डोळे असलेले प्राणी आज आहेत. पाण्यातल्या प्लॅनेरिया या चपट्या कृमीला नुसते वाटीसारखे खळगे आहेत. उजेड कुठून येतो एवढं त्यांना कळतं, आणि सावली पडली की पळायला तेवढं पुरतं. नॉटिलस या शंखातल्या समुद्री प्राण्याचा डोळा म्हणजे बारीक छिद्राची पोकळी, भिंग नाही, तरी अंधुक प्रतिमा मिळते. स्वीडनमधल्या निल्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांनी 1994 साली हिशेब मांडला: सपाट प्रकाशसंवेदी कातडीपासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत छोट्या छोट्या, प्रत्येक वेळी थोड्या फायद्याच्या बदलांनी जायला, अगदी सावध गृहीतकं धरूनही, चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात. डोळा नैसर्गिक निवडीतून घडला हे म्हणणं हास्यास्पद वाटतं, हे डार्विनचं वाक्य मेसेजमध्ये आहे. त्याच परिच्छेदात त्याने पुढे ते कसं शक्य आहे हे सांगितलं, ते मात्र कापलेलं आहे. असं अर्धं वाक्य कुणाच्याही तोंडी घालणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता एक गोष्ट स्वतः करून बघा. कोऱ्या कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर मसुरीएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि हात लांब करून धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होतो. वर्गात हे करताना दरवर्षी मुलं ओरडतात. आपल्या डोळ्यात उजेड ओळखणाऱ्या पेशी मागे आहेत आणि त्यांच्या तारा, म्हणजे मज्जातंतू, पुढून जातात; त्या सगळ्या तारा जिथे पडद्याला भोक पाडून मेंदूकडे जातात तिथे काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात तारा मागूनच निघतात, त्याला असा अंधबिंदू नाही. काका, आपला डोळा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो उत्तम चालतो, उरलेली जागा मेंदू भरून काढतो. पण कोऱ्या कागदावर आखणी केली असती तर तारा पडद्याच्या पुढून कुणी नेल्या नसत्या. जुन्या वाड्यात नंतर नळ फिरवले की ते जसे कुठूनही वळसे घेत जातात, तशी ही खूण आहे.

शरीर 'परिपूर्ण' असल्याच्या मुद्द्यालाही हेच उत्तर. शेळी आपल्या यकृतात क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, तिला आवळा लागत नाही. आपल्याला लागतो, कारण ते तयार करायच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. ते नाही असं नाही. आहे, पण निकामी. आणि चिंपांझी, गोरिला, माकडं यांच्यातही तेच जनुक निकामी आहे. आमच्या पूर्वजाच्या आहारात फळं भरपूर होती, त्यामुळे ते मोडलं तरी कुणी मेलं नाही आणि मोडकं जनुक वारशाने सगळ्यांकडे आलं. नुकसान झालं ते पुढे, महिनोन्‌महिने ताज्या भाज्या-फळांशिवाय समुद्रावर राहिलेल्या खलाशांचं. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने त्यांच्या हिरड्या सडल्या. निकामी जनुक मुद्दाम, तेही आपल्या आणि माकडांच्या शरीरात सारखंच, कोण ठेवेल?

पोळ्याच्या षटकोनाचं आणि पृथ्वीच्या अंतराचं लवकर आवरते. षटकोनात कमी मेणात जास्त जागा होते, हे खरं आहे. पण भंबलमाशीचे कप्पे गोलसर, ओबडधोबड असतात आणि दक्षिण अमेरिकेतल्या मेलिपोना माशीचे मधमाशी आणि भंबलमाशी या दोघींच्या मधले. म्हणजे इथेही पायऱ्या आहेत. आणि बहुकोनासाठी बुद्धी लागतेच असं नाही: अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे बहुकोनी खांब लाव्हा थंड होताना तडकून झाले. दुसरं, पृथ्वी जराशी जरी सरकली असती तर आपण जळालो किंवा गोठलो असतो, हे धादांत चुकीचं आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला सुमारे 15.2 कोटींवर. दर वर्षी 50 लाख किलोमीटरचा फरक, आणि सर्वांत जवळ असतो तेव्हा आपण शेकोटी पेटवत असतो.

उंबराचा मुद्दा मात्र मला स्वतःला फार आवडतो. उंबर फोडलं की केंबरं निघतात हे गावाकडच्या कुणालाही माहीत आहे. उंबर हे फळ दिसत असलं तरी आतून ती फुलांनी भरलेली पिशवी असते. या किड्याची मादी टोकाच्या अरुंद तोंडातून आत घुसते, त्यात बहुधा तिचे पंख तुटतात. ती फुलांना पराग देते, काहींत अंडी घालते आणि आतच मरते. अंडी घातलेल्या फुलांतून नर आधी बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, बाहेर जायचा बोगदा पोखरतात आणि संपतात. पराग घेऊन नव्या माद्या उडतात. मेसेज विचारतो, ही जोडी कुणी जमवली? दोघांचाही फायदा होता, आणि ज्या झाडाचं ज्या माशीशी जास्त जुळलं त्याला जास्त बी धरलं, हे उत्तर आहे. कुणी ठरवून जोडी जमवली असती तर फुकट्या माशा तिथे का असत्या? काही माशा उंबराच्या बाहेर बसून लांब सुईसारख्या अवयवाने सालीतून भोसकून आत अंडी घालतात, परागीभवन काडीचं करत नाहीत. जिथे फायदा आहे तिथे उपटसुंभही तयार होतात. निवड चालू असेल तर हेच दिसायला हवं, आणि हेच दिसतं.

शेवटी तो 'आपोआप' शब्द. भंगाराच्या ढिगावरून वादळ गेलं आणि विमान तयार झालं, अशी उपमा त्यासाठी दिली जाते. उत्क्रांतीत असं कुणीच म्हणत नाही. बदल कुठला घडेल हे योगायोगावर असतं, पण कुठला टिकेल हे योगायोगावर नसतं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली या चारही भाज्या एकाच रानटी मोहरीवर्गीय झाडापासून आल्या. शेतकऱ्याने त्यातला एकही गड्डा बनवला नाही, आलेल्यातून निवडत गेला. तुम्ही म्हणाल, तिथे निवडणारा माणूस होता. रानात निवडायचं काम दुष्काळ करतो. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजरवर 1977 साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही, मऊ बिया संपल्या, आणि बहुतेक फिंच पक्षी मेले. कडक बिया फोडू शकणारे जाड चोचीचे जगले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने पक्षी पकडून, चोची मोजून हे नोंदवलं.

पहिली पेशी कशी घडली याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे आज नाही. पण उत्तर नाही म्हणून तिथे देवाला बसवणं मला देवाचाच अपमान वाटतो. वीज का पडते हे कळलं तेव्हा इंद्राला तिथून उठावं लागलं. दर नव्या शोधाने ज्याला जागा सोडावी लागते अशा देवापुढे मी हात जोडत नाही.

काकांनी मागे फोनवर विचारलं, "म्हणजे हे सगळं तुला नुसतं माती-माती वाटतं का गं?" नाही काका. पितृपक्षात एका दुपारी उरलेल्या दोन मडक्यांपैकी एकाला बाजूने भोक पडलं आणि ओल्या पंखांची नवी कुंभारीण बाहेर आली. चौकटीवर बराच वेळ बसून राहिली, मग उडून गेली. ते भोक अजून तसंच आहे. दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा त्या चौकटीचा तेवढा तुकडा सोडून द्यायला मी रंगाऱ्याला सांगितलं.