युनियनमध्ये नाव टाकलं म्हणून सिस्टरला काढता येत नाही, काढता येते म्हणणारा तो मेसेज खोटा आहे

माझी मावसबहीण यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) सिस्टर आहे. नाईटचा भत्ता आणि हक्काची सुट्टी मिळावी म्हणून तिथल्या सिस्टर लोकांनी युनियन करायचं ठरवलं, सह्या गोळा करायचं काम हिनं अंगावर घेतलं, आणि लगेच हिला सलग नाईट लागायला लागल्या, मग दुसऱ्या तालुक्यातल्या त्यांच्याच सेंटरला जायची ऑर्डर आली. त्याच आठवड्यात तो मेसेज. "सर्व सिस्टर भगिनींसाठी महत्त्वाची कायदेशीर माहिती" असं वर लिहिलेला, आत युनियनमध्ये गेलं की रजिस्ट्रेशन आणि नोकरी जाते अशी भीती, खाली ना नाव ना सही, आणि इकडच्या सगळ्या नर्सिंगच्या ग्रुपवर फिरतोय. रात्री तिचा फोन. "दादा, हे खरं हाय का? माझं रजिस्ट्रेशन गेलं तर मी काय करू? नाव मागं घेऊ का?"

घाबरलेल्या पोरींना आणखी घाबरवायला कोणीतरी बसून हे टाईप केलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मेसेज म्हणतो, युनियनमध्ये गेलं की नर्सिंग कौन्सिल रजिस्ट्रेशन रद्द करते. साफ खोटं. महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजे आपली नर्सिंग कौन्सिल, १९६६ च्या कायद्यानं चालते, नोंदणीतून नाव काढायचं तर व्यवसायातल्या गैरवर्तनाची चौकशी लागते, आणि युनियनचं सभासद होणं हे गैरवर्तन नाही, तो संविधानाच्या कलम १९(१)(ग) नं दिलेला हक्क आहे. दवाखान्याच्या मालकाच्या हातात तुमचं रजिस्ट्रेशन नाहीच.

दुसरा मुद्दा, "दवाखाना ही सेवा आहे, उद्योग नाही, त्यामुळे कामगार कायदे लागत नाहीत". हे भांडण आपल्याच राज्यात सुरू झालं होतं. मुंबईच्या जेजे समूहातल्या रुग्णालयातल्या वॉर्ड सर्व्हंटना कामावरून काढलं, त्यांची युनियन, हॉस्पिटल मजदूर सभा, कोर्टात गेली आणि १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रुग्णालय कायद्याच्या भाषेत उद्योगच आहे आणि ती कपात बेकायदा होती. मध्ये १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलच्या केसमध्ये कोर्टानं उलटं म्हटलं, ते १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या केसमधल्या सात न्यायाधीशांच्या निकालानं पुन्हा फिरवलं. आता अर्धं खरं काय ते पण सांगतो, केंद्राचा नवा औद्योगिक संबंध कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला त्यात पूर्णपणे किंवा मुख्यतः धर्मादाय काम करणाऱ्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्यात. पण नुसतं ट्रस्टचं बोर्ड लावलं म्हणजे धर्मादाय होत नाही, आणि बहिणीचा दवाखाना तर ट्रस्टचा पण नाही, डॉक्टर पार्टनर आहेत आणि पेशंट भरती करायच्या आधी डिपॉझिट मागतात.

आता तिसरा मुद्दा, आणि यावर मला खरंच राग आहे. मेसेजमधलं वाक्य असं, "मॅनेजमेंटला कारण न देता बदली करण्याचा व काढण्याचा पूर्ण अधिकार आहे. कोर्टात जाऊन फायदा नाही. सहा महिने शांत राहा, मॅनेजमेंट स्वतः परत घेते. किंवा राजीनामा द्या, म्हणजे एक्सपिरियन्स लेटर चांगलं मिळते."

महाराष्ट्रात १९७१ पासून एक कायदा आहे, नाव लांबलचक, महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम. वकील लोक त्याला पल्प म्हणतात आणि त्याखालच्या तक्रारीला युएलपी. त्याच्या मागं अनुसूच्या आहेत, मालकानं काय करायचं नाही याची यादीच. दुसरी अनुसूची उघडली की पहिलंच, युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू अशी धमकी देणं, ही अनुचित प्रथा. पुढं येतं, दुसऱ्यांना युनियनमध्ये या म्हटलं म्हणून कोणाला काढणं किंवा शिक्षा करणं, ती पण. बहिणीनं सह्याच गोळा केल्या होत्या, म्हणजे तिच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे हे. चौथ्या अनुसूचीत सूड म्हणून काढणं आहे, खोट्या केसमध्ये अडकवून काढणं आहे, व्यवस्थापनाच्या धोरणाचं नाव पुढं करून वाईट हेतूनं केलेली बदली आहे, वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवून कायम न करणं पण आहे. बदली करायचा अधिकार मालकाला असतो हे मी नाकारत नाही, पण सूड म्हणून बदली करायचा नसतो, आणि मेसेजवाल्यानं नेमका हाच फरक गाळला. नव्या केंद्रीय कोडच्या दुसऱ्या अनुसूचीत पण अशीच यादी आहे आणि तिथं दंड १० हजारांपासून २ लाखांपर्यंत ठेवलाय.

आणि "सहा महिने शांत राहा" हे काऊन सांगितलं ते समजून घ्या. पल्प कायद्याच्या कलम २८ मध्ये तक्रार करायला मुदत आहे ९० दिवसांची, घटना घडली तिथून. म्हणजे सहा महिने शांत बसलेल्या सिस्टरची मुदत संपलेली असते, नंतर उशीर माफ करा म्हणून कोर्टाला चांगलं कारण द्यावं लागतं, ते पटलं तर ठीक. कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत चढल्यावर भाव विचारण्यासारखं होते ते. हा सल्ला ज्यानं लिहिला त्याला ९० दिवस माहीत नसतील असं मला वाटत नाही.

राजीनाम्याचं तर त्याहून वाईट. काढलं तर सूडानं काढलं असं कोर्टात म्हणता येतं, तुम्ही स्वतःच्या हातानं "घरगुती कारणास्तव" लिहून दिलं की मालक तोच कागद पुढं करतो आणि जबरदस्तीनं घेतला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. बायांनो, केबिनमध्ये बोलावून कोरा कागद पुढं केला तर सही करू नका, घरी विचारून सांगते म्हणा आणि निघा. ड्युटी चार्टचे फोटो काढून ठेवा, युनियनच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही. ऑर्डर लेखी मागा. कोण काय बोललं ते तारखेसहित वहीत लिहा. बदलीची तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते, काढल्याची कामगार न्यायालयात. इकडून कोर्ट गाठायचं म्हटलं तरी बसभाडं, बुडालेली ड्युटी, घरी लेकरं, हे सोपं नाही हे मला दिसते. पण अंतिम निकाल लागेपर्यंत सगळं अडकूनच राहते असं नाही, कलम ३० खाली कोर्ट मध्येच अंतरिम आदेश देऊ शकते, आणि शेवटी पगारासकट परत घ्या म्हणून पण सांगू शकते.

पुढं मेसेज मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालायचा राज्याचा कायदा) आणि अटकेची भीती दाखवतो. इथं संप आणि युनियन मुद्दाम एकात कालवलेत. संप हा मूलभूत हक्क नाही, खरं आहे, सरकारी कर्मचाऱ्यांबाबत सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये ते स्पष्टच सांगितलं. नव्या कोडप्रमाणे संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते, आणि मेस्मा लागू केला असेल तर संप बेकायदा ठरतो. पण मेस्मा संपाला लागतो, सभासद होण्याला नाही. मेसेजमध्ये "एसटीवाल्यांचं काय झालं ते पाहा" असं पण आहे. एसटीच्या त्या संपात कितीतरी घरांचे हाल झाले, कोणी विसरलेलं नाही. पण शेवट पण सांगा ना, एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टानं २२ तारखेपर्यंत कामावर या आणि महामंडळानं यांना परत घ्यावं असंच सांगितलं होतं. आणि तो पाच महिन्यांच्यावर चाललेला संप होता, इथं तर सिस्टर लोकांनी एक दिवस काम बंद ठेवलं नाही.

"कंत्राटी सिस्टरला काहीच हक्क नाही." कंत्राटी असली तरी युनियनची सभासद होता येते. पण एजन्सीमार्फत लागलेल्यांचं अवघड आहे हे कबूल करतो, सिप्ला या औषध कंपनीच्या २००१ च्या केसपासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की तुम्ही दवाखान्याच्याच नोकर आहात हे आधी ठरायला पाहिजे, नाही तर पल्पखाली थेट दवाखान्यावर तक्रार टिकत नाही. त्यामुळे नेमणूकपत्रावर आणि पगाराच्या एन्ट्रीत नाव कोणाचं आहे ते आजच बघा.

"युनियनमुळे पेशंटचे हाल होतात." पेशंटचे हाल कशानं होतात ते वॉर्डात एक रात्र बसलेल्याला विचारा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागं एक नर्स असा आहे, बहिणीच्या वॉर्डात रात्री पूर्ण मजला एकाच सिस्टरकडे असतो. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या युनिटला आग लागली, १० बाळं गेली, आणि पुढं पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सवर. चूक कोणाची ते कोर्ट ठरवेल, पण माणसं कमी आहेत, मशीन जुनी आहे, हे आधीच लेखी मांडायला सिस्टरच्या मागं कोणीतरी लागते, एकटी बोलली तर तिची बदलीच होते. मी हे आत्ताच घरात पाहिलं.

शेवटचा मुद्दा, युनियनवाले वर्गणी खातात. खाणारे आहेत, मालकासोबत चहा पिऊन वाटाघाटी मिटवणारे पुढारी आमच्या भागानं पाहिलेत. मग बाहेरचा पुढारी आणूच नका. युनियनच्या नोंदणीच्या अर्जाला सात जणी लागतात, मोठ्या ठिकाणी दहा टक्के किंवा शंभर यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद. पदाधिकारी तुमच्यातल्याच करा, दरवर्षी हिशोब रजिस्ट्रारकडे द्यावा लागतोच, त्याची कॉपी ग्रुपवर टाका. बहिणीच्या दवाखान्यात सातच्या वर सह्या झाल्यात, तिनं नाव मागं घेतलेलं नाही, आणि बदलीच्या ऑर्डरवर तारीख आहे, ९० दिवस तिथून मोजायचे.