ट्युनिशियात शरिया लागू झाला म्हणे!

घरच्या ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकला आणि मावशीने लगेच हात जोडले. मजकूर असा: 'इस्लामी चळवळीतला एकही माणूस नागरी राज्य मानत नाही. ट्युनिशिया बघा. 2011 मध्ये एन्नाहदा आली, आल्या आल्या शरिया लावला, बायकांचे हक्क काढले, खुर्ची काही सोडली नाही.' (एन्नाहदा म्हणजे तिथला इस्लामी पक्ष; नागरी राज्य म्हणजे धर्माच्या नव्हे, नागरिकांच्या इच्छेवर चालणारं राज्य.) मामा, तुम्ही आयुष्यभर शिकवलंत. पोराने असं लिहिलं असतं तर 'पुरावा?' म्हणून वही परत केली असती की नाही?

आधी शरिया. कधी लागू झाला? मार्च 2012 मध्ये एन्नाहदानेच जाहीर केलं, की राज्यघटनेत शरियाचा आग्रह धरणार नाही. 1959 च्या घटनेतलं पहिलं कलम, देशाचा धर्म इस्लाम एवढंच म्हणणारं, शरियाचं नाव नसलेलं, आहे तसंच राहू द्या. जानेवारी 2014 मध्ये नवी घटना मंजूर झाली. तिचं दुसरं कलम वाचा, दोन ओळींचं तर आहे: ट्युनिशिया हे नागरिकत्व, जनतेची इच्छा आणि कायद्याचं श्रेष्ठत्व यांवर उभं असलेलं नागरी राज्य आहे. वर, हे कलम बदलता येणार नाही. सहाव्या कलमात सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य. घटना लिहिणारं सभागृह 217 जणांचं, त्यात 89 निवडून आले होते एन्नाहदाचे. बाजूने मतं 200, विरोधात 12. ती बाराही एन्नाहदाची धरली तरी बाकीच्यांनी कुठे मत दिलं, मामा? 'एकही माणूस' म्हणे!

बायकांचं म्हणाल तर धूर होता, मान्य. 2012 च्या मसुद्यात बाई पुरुषाला 'पूरक' असल्याची भाषा होती. ऑगस्टमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, ती भाषा गेली. राष्ट्राध्यक्ष मुसलमानच हवा, हे कलम मात्र राहिलं. 2018 मध्ये मुलीला वारशात समान वाटा द्यायचा प्रस्ताव आला तेव्हाही एन्नाहदा आडवी आली. तेव्हा हे सगळे उदारमतवादी झाले असं मी म्हणत नाहीये.

खुर्ची? जानेवारी 2014 मध्ये त्यांच्या पंतप्रधानाने राजीनामा दिला. खुशीने नाही; आदल्या वर्षी विरोधी पक्षांच्या दोन नेत्यांचे खून झाले होते, लोक खवळले होते. पण दिला. त्याच वर्षी निवडणूक हरले, तेही मान्य केलं.

आणि घटनेतून ते 'नागरी राज्य' शेवटी काढलं कुणी? 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सैद यांनी. ते एन्नाहदाचे नव्हेत. एन्नाहदाचे नेते घन्नुशी यांना तर सैद यांच्याच राजवटीत 2023 मध्ये अटक झाली.