दिवसाला अर्धा फेरा

लाकडी जमीन मधोमध बसली की एक सोय होते: हरवलेली गोटी शोधावी लागत नाही, रोज त्याच खोलगट जागी सापडते. एवढ्यावर मी भागवूनही घेईन. पण कपाटाची दारं आपण होऊन उघडायला लागली की फळ्यांखालच्या पोकळीत रांगणं आणि जॅकनं जमीन वर उचलणं आलंच.

रांगताना आधी जॅक नको, पेचकस न्यावा. तुळई भिंतीत शिरते तिथे टोचून पाहावं. लोण्यात जावा तसा आत गेला, तर लाकूड कुजलंय नाहीतर वाळवीनं खाल्लंय. लाकूड ठणठणीत असेल, तर खांबाचा पाया खचलाय का ते बघावं. शिवाय नळ नेण्यासाठी कुणीतरी फळ्या पेलणाऱ्या वाशाला खालून खाच पाडलेली असते, तो शहाणपणा वेगळाच.

जॅक मातीवर ठेवला तर जमीन वर येत नाही, जॅक खाली जातो. हापसणाऱ्याला मात्र काम होत असल्याचं समाधान मिळतं. म्हणून खाली आडव्या-उभ्या जाड ठोकळ्यांची रुंद चळत, तिच्यावर पोलादी पाटा. जॅकच्या डोक्यावरही पाटा हवाच, नाहीतर जॅक लाकडात रुततो. चार-पाच वाशांना मिळून एक आडवी तुळई लावावी आणि जॅक अगदी ओळंब्यात ठेवावा. तिरका जॅक दाबाखाली निसटतो. वर घराचं वजन पेलणारी भिंत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारावं.

हायड्रॉलिक जॅक उचलायला गुणी, सांभाळायला बेभरवशाचा. सील गळतं आणि रात्रीत दाब उतरतो. म्हणून प्रत्येक उचलीनंतर लगेच धिरा आणि पाचर. रोजच्या कामाला स्क्रू जॅक बरा.

आता खरी शिक्षा. दिवसाला साधारण ३ मिलिमीटर, बस्स. स्क्रूचे आटे ६ मिलिमीटर अंतरावर असले तर अर्धा फेरा. त्यासाठी जुने कपडे घाला, सरपटत आत जा, अर्धा फेरा फिरवा आणि डोक्याला जाळी लावून बाहेर या. ३० मिलिमीटरचा झोल म्हणजे अशा दहा वाऱ्या. घाई केली की गिलावा फाटतो, दारं अडकतात, नळांचे सांधे ताणतात. बारीक करकर चालते. ‘खाट्’ आवाज आला की हात थांबवायचा.

नवा खांब सरकवण्यापुरतं २-३ मिलिमीटर जास्त उचलावं, मग हळूहळू खाली सोडावं. जुन्या लाकडाला वाक कायमचा बसलेला असतो, त्यामुळे शेवटचे काही मिलिमीटर येतच नाहीत. आणखी जोर लावला, तर मधला भाग सरळ होण्याऐवजी तुळईची टोकंच भिंतीवरून उचलली जातात. तिथे मी जॅकला हात जोडतो. गोटीलाही जायला कुठेतरी उतार हवाच.