खुलासा : त्रिपुरातले ते ८२८ विद्यार्थी एका वर्षातले नाहीत

‘त्रिपुरात अचानक ८२८ विद्यार्थ्यांना एचआयव्ही, ४७ मृत्यू’ हा जुलै २०२४ पासून फिरणारा मेसेज दिशाभूल करतो. आकडे सरकारीच, पण एप्रिल २००७ ते मे २०२४ या सतरा वर्षांचे मिळून. त्रिपुरा सरकारने तेव्हाच तसं स्पष्ट केलं होतं. लागणीचं मोठं कारण म्हणजे नशेची एकच सुई अनेकांनी वापरणं. सुईत उरलेलं रक्त थेट पुढच्याच्या शिरेत जातं. शेजारी बसल्याने किंवा डबा वाटून खाल्ल्याने एचआयव्ही होत नाही. म्हणून ‘तिकडच्या मुलांपासून लांब राहा’ असं जोडून मेसेज पाठवणं निव्वळ क्रूर आहे. एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. शंका असेल तर १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तोही मोफत आहे.