ग्रोमेट म्हणजे लुबाडणूक? आधी भोकाच्या धारेवरून बोट फिरवा

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘विजेच्या पेटीच्या भोकाला ग्रोमेट, ग्लँड लावणं ही वायरमनची पैसे उकळायची युक्ती. वायर एफआर, वर एमसीबी. फार तर टेप गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पेटीला तेही नको.’ ग्रोमेट म्हणजे भोकाच्या धारेवर बसवायची रबरी कडी, ग्लँड म्हणजे भोकात वायर आवळून धरणारं बूच. सातपूरला विजेची पॅनेल भरण्यात माझी हयात गेली, म्हणून राहवत नाही.

वायर एफआर आहे? असू दे. म्हणजे आग लागली तर तिचं आवरण आग सहजी पसरू देत नाही. ते कापलं जाणार नाही, असं कोण म्हणालं? घरातल्या दीड-अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीचं आवरण एक मिलिमीटरही जाड नसतं. नॉकआउट, म्हणजे वायरीच्या भोकासाठी पेटीत आधीच अर्धवट कापलेली चकती, ठोकून काढल्यावर पत्र्याला उरलेली धार ते वायर ओढतानाच सोलते.

एमसीबीवर, म्हणजे आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचवर, मात्र लोक फार विसंबतात. त्याला जादा लोड आणि शॉर्टसर्किट कळतं. सोळा अँपिअरचा ‘सी-कर्व्ह’ प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात अर्थिंगची तार नावालाच असेल, तर सोललेली वायर पेटीला टेकूनही त्याच्या जवळपास करंट वाहत नाही. एमसीबी निवांत, पेटीत 230 व्होल्ट, आणि कुणीतरी ओल्या हाताने बटण दाबणार! इथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, कामाला येतो. तो हवाच. पण तो पडतो वायर सोलल्यावर. ग्रोमेट ती सोलू देत नाही.

टेपचं काय होतं ते दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत पाहिलं. स्टार्टरच्या पेटीत टेपचा चिकट गोळा एकीकडे सरकलेला, उघडं तांबं दुसरीकडे. वैशाखातल्या उन्हात टेपचा डिंक सुटतो, वर मोटरची थरथर.

प्लॅस्टिकबद्दलचं म्हणणं अर्धं खरं. पेटीला करंट उतरत नाही, धारही बोथट. पण गच्चीवरच्या पेटीत ग्लँड नसेल तर पाणी, मुंग्या, पाल सगळं आत, आणि वायरीला हिसका बसला की तो थेट आतल्या जोडणीच्या स्क्रूवर. वायर खालूनच आत घ्या.

कामाला माणूस आला की आधी भोकाला कानस मारून घ्या. ग्रोमेट त्याच मापाचा आणायला सांगा. मोठा आणून ब्लेडने कापून कोंबला, तर वायर ओढतानाच तो बाहेर येतो.